बेटावर लाइन कशी गेली

शाळेतून नकाशा मागून आणला दोन दिवसांसाठी,
तर नेमका तिथेच उंदरानं कुरतडलेला.
क्युबा शाबूत. त्याच्याखाली भोक.
भोकाच्या काठाला चार-दोन ठिपके,
लाडवावरून गळालेल्या तिळांसारखे.
आई म्हणाली, "इथं राह्यते गुणवंत?"

राहत नाही. जातो-येतो.
जहाजाच्या पोटात, लाँड्रीत, जिथं खिडकी नाही,
रोज नऊशे चादरींना इस्त्री करतो,
आणि बार्बाडोस आलं हे त्याला
इंजिनाचा आवाज बदलला की कळतं.
सात वर्षं पैसे साठवून त्यानं कळवलं :
या. तिघंही या. एक बेट पाहू, आठ दिवस.
मी पण अजून वाळूत बसलो नाही.

मी सेतू केंद्रात बसते.
निराधार, उत्पन्नाचा दाखला, विहिरीचं अनुदान,
अख्खं गाव माझ्या बोटांखालून गेलंय.
हा पहिलाच फॉर्म, ज्यात आम्ही
कुणाकडे काही मागत नाही.
तरी बाबा एका कागदावर इंगोले, दुसऱ्यावर इंगळे.
दोघांचाही जन्म एक जुलैचा, गुरुजींच्या कृपेनं.
आईचा अंगठा मशीन घेईना.
राखेनं भांडी घासून घासून रेषाच गेल्या.
नागपूरच्या बाईनं पाचदा पुसून लावायला सांगितला,
सहाव्यांदा आईनं तो पदरात लपवला,
चोरी पकडल्यासारखा.

बाबा तीस वर्षं लाइनमन.
रात्रपाळीला सबस्टेशनवर ट्रान्झिस्टर कानाशी,
आपल्या मध्यरात्री तिकडच्या खेळाडूंचा चहा.
अँटिग्वा, गयाना, सबिना पार्क
त्यांना दिग्रस, आर्णी, पुसदसारखी पाठ.
पण चहूकडून पाणी असतं, हे कॉमेंट्रीत
कधी कुणी म्हटलंच नव्हतं म्हणे.
जेवता जेवता थांबले.
"मंग त्या बेटावर लाइन कशी गेली असन?
पोल कुठी गाडले?"

गुणवंतला विचारलं. चार दिवसांनी उत्तर आलं :
प्रत्येक बेट आपली वीज आपणच करते.
"हाव? ज्याची त्याची डीपी!" बाबा खूप हसले.
मग हात धुता धुता, स्वतःशीच :
"बाजूवालं बंद पडलं
तं इकडून देता येत नसन."

गावात बातमी फिरली.
सरपंचीणबाई म्हणाल्या, अंदमान जवळ पडलं असतं.
वामनकाकांनी विचारलं, तिथं वरण भेटते का?
पार्वताबाईनं औषधाची रिकामी शिशी आणून दिली,
बुच घट्ट आहे ते दाखवून.
"समुद्र घेऊन ये व माय, एवढासा.
खारा हाये म्हंतेत. पाहू तं द्या."

तारीख म्हशीवर अडली.
ती कार्तिकात विणार.
वादळंही तोवर सरतात म्हणतो गुणवंत.
म्हैस आणि वादळ, दोघांनी मनावर घेतलं तर डिसेंबर.
आईनं तुरीची डाळ आत्ताच निवडून ठेवली,
सांडगे वेगळे, त्याच्या नावाचे.

समुद्र तिनं पाहिला नाही कधी.
परवा सराव म्हणून धरणावर नेलं.
भिंतीवर उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून,
खूप वेळ.
"पलीकडचा काठ दिसते ना," म्हणाली,
कुणीतरी मापात कमी दिल्यासारखी.

काल शेवटचं पान भरत होते.
प्रवासाचा उद्देश. यादीतून निवडा :
पर्यटन, व्यवसाय, शिक्षण, उपचार.
आई खुर्चीमागं उभी.
"लिही, पोरगं किती वाळलं ते पाहाले."
मी यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिली.
मग पर्यटन दाबलं.

आणि लाइट गेली.
पान जमा झालं की नाही, कळलं नाही.
अंधारात बाबांचा आवाज, बाहेरून, खाटेवरून :
"एखादा फेज गेला असन.
बसा. येते आत्ता."