घोडे वाढवायचे आहेत

मोकलशेठ म्हणाले, गाडी घाट चढत नाही.
चढते, मी म्हणालो, पण मनातल्या मनात.
खोपोली सुटली की दुसऱ्या गियरला
मी, ती, आणि दहा टनांच्या पावतीवरचे सोळा टन पत्रे,
मागे हॉर्नची जत्रा.

एकशे तीस घोडे आहेत म्हणे कागदावर.
त्यातले म्हातारे किती झाले, कोणी मोजलं?

मग वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसात, टपरीच्या बाकड्यावर,
मुलीचं लग्न ठरवायला बसावं
तशी माणसं जमली.

वेलूअण्णा बोटं पुसत बोलला:
पंप. स्क्रू अर्धा फेरा आत. डिझेल जास्त, ताकद जास्त.
आठशे रुपये, संध्याकाळी गाडी तुमची.
आणि धूर?
अण्णाने चेंबूरकडच्या आभाळाकडे बघितलं,
जणू त्यात अजून थोडा सहज मावला असता.

जोगिंदर मिस्त्रीला स्वस्त ताकद आवडत नाही.
टर्बो मोठा घाला, पुढे इंटरकूलर बसवा.
आग वाढवायची तर वारा वाढवा,
आणि वारासुद्धा थंड पाहिजे.
नुसतं डिझेल ओतलं की पिस्टन वितळतो.
त्याच्या फळीवर तसा एक ठेवलेला आहे,
मधोमध भोक, कडा ओघळलेल्या मेणबत्तीच्या.
गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं
की काही न बोलता तो हातात देतो.
साठ हजार.

हातिमभाई दारूखान्यातून अत्तर लावून आले होते.
त्यांच्याकडे मोडीत निघालेल्या क्रेनचं इंजिन,
दोनशे दहा घोडे, ताडपत्रीखाली झोपलेले.
पण मग क्लच तेवढ्या ताकदीचा हवा, गियरबॉक्स तेवढ्या ताकदीचा,
आणि आरटीओला सांगायची गोष्टही तेवढीच लांब.

शेठच्या भाच्याचा मित्र ओजस लॅपटॉप घेऊन आला.
वीस मिनिटांत तीस घोडे, हाताला काळं न लागता.
वायर धरून तो केबिनमध्ये वाकला,
डॅशबोर्डखाली, सीटखाली, बॅटरीपाशी
खुपसायला जागा शोधत राहिला.
अण्णा म्हणाला, बाळा, हिला मेंदू नाही, नुसतं पोट आहे.
मला ते जरा लागलं.

मला कोणी विचारलं नाही.
मी उताराचा विचार करत होतो.
चढताना कमी पडलो तर मागचे शिव्या देतात, देऊ देत.
उतरताना ते दोनशे दहा आवरणार कोण?
ब्रेकचे लायनर तेच,
पाय हाच, उजवा,
ज्याचा गुडघा गाडीआधी कुरकुरतो.
म्हणून शिंग्रोबाला मी जाताना एक रुपया टाकतो,
येताना दोन.

शेजारचा पंक्चरवाला कुट्टन
ट्यूब मांडीवर घेऊन सगळं ऐकत होता.
कोणी बोलावलं नव्हतं.
साबणाच्या पाण्याचं टमरेल घेऊन उठला,
मला म्हणाला, रेस दे.
टर्बोकडून इंजिनात जाणाऱ्या रबरी पाईपवर
त्याने पाणी शिंपडलं,
नेमकं तिथे, जिथे दोन वर्षांपूर्वी लोणावळ्याला, रात्री,
मीच जुन्या ट्यूबची पट्टी बांधली होती,
'उद्या बदलू' म्हणून.

फेस आला.
मोठे, गरम, तेलकट बुडबुडे,
एक फुटतोय तोवर दुसरा.
सगळे वाकून बघत राहिलो.
घोडे इथून चालले होते, रोज, माझ्या गाठीखालून.

पाईप साडेचारशेला. कुट्टनने वीस रुपये मागितले.
जोगिंदर मिस्त्रीने बिडी पेटवायला तोंड वळवलं, बराच वेळ.

शेठचा मात्र चेहरा पडला.
वाढवायला आलेल्या माणसाला
आपलंच परत मिळालं की पडतो तसा.
थोडं तरी, अण्णा, ते म्हणाले. पाव फेरा.
अण्णाने पाना लावला.
फिरवला की नुसता धरला, मी बघितलं नाही.
पण शेठ आठवडाभर सगळ्यांना सांगत होते,
अण्णाच्या हाताला जादू आहे.

परवा खोपोली सुटली, तिसरा गियर तसाच राहिला.
मागे हॉर्न नाही.
इतकी शांतता की मला भीती वाटली.
काच खाली करून रुपया टाकला.

येताना तीन टाकीन.