कार्य पूर्ण

आमची उमेदवार हेमलता मोघे, शिवणक्लासवाली.
समोरचा तीनदा निवडून आलेला, सात जीपवाला.
आमच्याकडे मी, निवृत्त मुद्रितशोधक,
आणि माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज.

दोन महिने नगर निगमच्या तळघरात शिंकत बसलो.
बाबूंचा चहा माझ्याच खिशातून.

मध्येच कुणीतरी पाकीट आणून दिलं :
त्याच्या मुलीच्या घटस्फोटाचे कागद.
हेमा म्हणाली, दुसऱ्याच्या घरातलं
आपण उसवायचं नाही. परत करून या.
गेलो. थोडा चिडूनच गेलो.

मग पान एकशे बारा.
‘जनकगंज, पिछली गली, पाइपलाइन : कार्य पूर्ण’
खाली त्याची सही, लांब शेपटीची.
त्या गल्लीत मी राहतो.
नळ बसवलेत. टिघऱ्याचं पाणी
अजून वाटेतच आहे.

सभा घेतली नाही. साठ झेरॉक्स काढल्या,
रात्री एकेका कोरड्या नळाला
सुतळीनं बांधल्या.

सकाळी टँकरच्या रांगेतल्या बायकांनी वाचलं,
जिला वाचता येत नव्हतं तिला वाचून दाखवलं.
कुणी हसलं नाही.

एकवीस मतांनी.

पेढे वाटताना हेमानं पहिल्या फायलीवर सही केली.
तिची शेपटी कुठं वळते
ते मी बघून ठेवलंय.