खांद्याला हात लावून

अकराला चाटी गल्लीत पोचायचं होतं.
भावनगरचे मेहुलभाई, बाराशे डझन नॅपकिन,
आणि डझनामागे एक रुपया चाळीस पैशांचं भांडण,
जे कालपासून फोनवर
"बघू की", "करू की", "तुम्ही तर घरचेच" असं
गुळगुळीत होत चाललेलं.
आमच्या धंद्यात नाही म्हणायला दोन दिवस लागतात.
पहिला दिवस चहाचा.

सात रस्त्याला सिग्नल हिरवा झाला
आणि पुढची लुना हलेना.
लुनावर एक म्हातारा,
मागे सुताच्या कोनांचं पोतं, दोरीनं आवळलेलं.
मी हॉर्न दिला. एकदाच, सभ्यपणे,
दाराशी कुणी खाकरावं तसा.
मग दुसऱ्यांदा.
मग अंगठा बटणावर तसाच राहिला.
मागच्या रिक्षानं आपला सूर मिसळला,
रिक्षावाला ओरडला, "ओ काका, झोपलाव का बे?"
आमच्याकडे ओ आणि बे एकाच वाक्यात नांदतात.
एक मान देतो,
दुसरा तो लगेच काढून घेतो.

म्हातारा ढिम्म.
एप्रिलचं ऊन, त्रेचाळीस,
आणि त्याच्या शर्टाला, मानेला, कानाच्या पाळीला
सुताची पांढरी लव.

मी स्कूटी काढून त्याच्या शेजारी नेली.
वाक्य ओठांवर तयार होतं, चांगलं धारदार.
तेव्हा दिसलं, तो कशासाठी थांबलाय ते.
त्याच्यासमोर चादरींच्या गठ्ठ्यांची हातगाडी,
एक चाक खड्ड्यात,
ढकलणारी बाई तोंडात पदर धरून जोर लावतेय.
आमचा सिग्नल हिरवा होता. तिचा कुठलाच नव्हता.

मी काहीतरी बोलले.
तो वळला, आणि फार मोठ्यानं,
आमचे नायना बोलायचे तितक्याच मोठ्यानं,
म्हणाला, "काय म्हणलीस, बाळा?"

एकतीस वर्षं नायना यंत्रमागावर जॉबर.
तेलुगूत अंडी, कन्नडात री, मराठीत अहो,
मान द्यायचे शब्द गावात भरपूर,
माग सुरू असताना एकही ऐकू येत नाही.
पुढे पुढे माग बंद असतानाही येईना.
म्हणून अम्माचा नियम होता:
मागून हाक मारायची नाही.
समोर जायचं, दिसायचं,
खांद्याला हात लावायचा,
त्यांनी वर बघितलं की मग बोलायचं,
आणि बोलायचं ते पुरतं, तोंड उघडून.
पाहुण्यांना वाटायचं, घरात रोज भांडणं चालतात.
साधं मीठ मागितलं तरी
पलीकडच्या चाळीत कळायचं.

शाळेत बाई म्हणाल्या,
चांगल्या घरची मुलं हळू बोलतात.
मी हळू बोलायला शिकले.
प्लीज, सॉरी, एक्सक्यूज मी, सगळं हळू.
नायनांशी बोलणं तेव्हापासून कमी झालं.
ते कधी म्हणाले नाहीत काही.
किंवा म्हणाले असतील, खूप मोठ्यानं,
मी कपाळाला आठी घालून आत गेले असेन.

लुनावाल्याच्या खांद्याला मी हात लावला.
"चाक काढू या," म्हणाले. पुरतं, तोंड उघडून.
रिक्षावाला आधीच उतरला होता,
शिव्या देत देत त्यानंच जास्त जोर लावला.
बाईनं कुणाचे आभार मानले नाहीत,
पदरानं तोंड पुसलं आणि गाडी पुढे नेली.
तोवर सिग्नल लाल.
मग आम्ही सगळे थांबलो, रीतसर.

अकरा वीस. मेहुलभाईंनी हात पुढे केला,
माझ्या तळव्यावर पांढरी लव.
"नवीन सॅम्पल?"
"नाही," मी म्हणाले.
इतक्या मोठ्यानं, की चहावाला पोरगा
पायरीवरच थबकला.
"आणि तो एक चाळीसचा भाव, तोही नाही."

मेहुलभाईंनी फोन पालथा ठेवला टेबलावर.
कालपासून पहिल्यांदाच
त्यांनी वर बघितलं.