पोवळं

सूरच्या गोदीत रंधा मारता मारता
जुमा बिन मर्जान सांगतो:
मर्जान म्हणजे पोवळं.
आजाला झांजिबारहून आणलं तेव्हा
मालकाने ठेवलेलं नाव,
डबीतल्या ऐवजाला ठेवावं तसं.
आधीचं?
तो भुसा फुंकतो.
खुंटीवरचा नाचातला पट्टा,
शेळीच्या खुरांचा,
वाऱ्याने उगाच खुळखुळतो.

"तुमच्याकडे आम्हाला काय म्हणतात?"
हबशी, मी चाचरतो.
मग सांगतो मुरुडचं:
भर पाण्यात किल्ला, हबशांचाच नवाब,
आणि माझा पणजा
सारा भरायला जायचा
वहाणा हातात घेऊन.

रंधा थांबतो.
"हातात?"
हातात.

"थांब, परत सांग,"
म्हणत तो दाराकडे वळून
नातवाला हाक मारतो:
मर्जान!