खाली, बारीक अक्षरांत

वाचनालयाच्या संस्थापकांची काच तडकली
तेव्हा त्यांना काखोटीला मारून
मी वेंगुर्ल्याच्या बाजारात इनास फर्नांडिसकडे नेलं.
त्याने गंजून मऊ झालेले खिळे उपसले,
मागचा पुठ्ठा सुटला
आणि कै. भास्करपंत नाबरांच्या पाठीला पाठ लावून
आतून एक साहेब निघाला.

ऐंशी वर्षं भिंतीकडे तोंड करून उभा,
गणित न आलेल्या पोरासारखा.

छापील चित्र. गलमिशा, उंच कॉलर,
हात एका पुस्तकावर, जणू परत करायला आलाय.
बाहीवर कसरीने काढलेले नकाशे.
आणि नाव असतं ती खालची पट्टी
चौकटीत मावावी म्हणून कुणी कापून टाकलेली.
नाव गेलं. हुद्दा गेला.
लॉर्ड होता, पाद्री होता, की गलबतांचे विमे उतरवायचा,
कुणाला विचारणार?

शेजारच्या ओट्यावर पुरसो कासार
हंड्यावर नाव घालत होता, टक टक टक,
कुणाच्या तरी लग्नातलं 'मामाकडून'.
तो उठून आला, डोळ्याला भिंग लावलं
आणि साहेबाच्या गालात उतरला.

बराच वेळ बाहेर आलाच नाही.

मग भिंग माझ्याकडे.
गाल नव्हताच तिथे.
रेघा, त्यांवर तिरक्या रेघा, टाकलेल्या जाळ्यासारख्या,
आणि जाळ्याच्या घराघरात एकेक ठिपका,
अडकून राहिलेला जवळा.
नाकाच्या शेंड्यावर नुसता कोरा कागद.
तोच उजेड.

'पोलादार खणलेलो हा,' पुरसो म्हणाला,
'आणि तोय उलटो. उजवो गाल डावीकडे धरून.
हात चुकलो तर पुसूक गावणा नाय.'
देवळाचा शिक्का कोरला होता त्याने एकदा.
उलटी 'श्री' काढताना तीन रात्री झोप नव्हती.

कुठल्याशा धुरकट गावात, खिडकीपाशी,
पाणी भरलेल्या काचगोळ्यातून दिव्याचा उजेड पाडून
कुणीतरी महिनेच्या महिने हा गाल नांगरला असणार.
साहेब दोन तास बसून उठला असेल,
तोही चित्रकारापुढे.
कोरणाऱ्याने त्याला पाहिलंही नसेल.

उजव्या कोपऱ्यात मात्र कात्री जरा तिरकी गेलेली.
मुंगीएवढी अक्षरं उरली होती तिथे,
आडनावाचं शेपूट, '...वेल' की '...बेल',
आणि पुढे लॅटिनमधला तुटका शब्द:
याने कोरलं.
पुरसोने तेवढं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.
'आणि साहेब कोण, ते?'
'सायबाचा माका काय करूचा?'

संस्थापक नव्या काचेत गेले.
साहेबाचा विषय समितीने पुढच्या बैठकीवर ढकलला.
तोवर तो माझ्या टेबलावर, काचेखाली,
थकबाकीदारांच्या यादीशेजारी.

हंडा गिऱ्हाइकाला देण्याआधी
पुरसोने तो पालथा घातला,
आणि बुडाला, चूल जिथे काळं करते तिथे,
बारीक चार टिंबं टोचली.
'हे काय?' गिऱ्हाइकाने विचारलं.
'काय नाय,' पुरसो म्हणाला,
'पोचो होतो.'