अंगठ्याचं वळण

फेब्रुवारीत फोन पडला, दातांच्या दवाखान्याच्या पायरीवर.
काच तडकली ती थेट अस्क नदीसारखी,
वरून खाली, मध्ये एक मोठं वळण घेत.
तेव्हापासून दोन काठांवरची अर्धी अर्धी अक्षरं
जुळवून वाचते आहे.

दोन स्थळं आहेत.
मावशी असती तर तिने असंच म्हटलं असतं.
एक ऑर्व्हा: देखणं, सडपातळ, घराणं मोठं,
पण मुहूर्त टळतोय.
आधी मार्च म्हणाले. मग वसंतात.
वसंत न्यूपोर्टला कधी येतो, कधी जातो, कुणाला कळलंय?
मग नुसतंच 'लवकरच',
जे आमच्या गल्लीतला शिंपी म्हणायचा
कापडाची घडीही मोडलेली नसताना.

दुसरं टेसल. तयार आहे, होकार आहे,
पण वरात साउदम्प्टनच्या धक्क्यावर अडलीय.
कंटेनरला सील, सीलवर कोर्टाचा कागद.
आरोप असा, की कुलूप उघडताना अंगठा
डावीकडून उजवीकडे जरा कमानीत सरकतो
आणि ती कमान ऑर्व्हाची आहे.

कमान!
रात्री अंथरुणात मी अंगठा हवेत सरकवून पाहिला.
नवरा म्हणाला, काय गं, डास?
इथे कुठले डास, म्हटलं, झोप.

पेटंटची कचेरी आमच्याच गावात, कार्डिफ रोडवर.
तिथले प्रॉसरसाहेब दाढ काढायला आले होते.
बिल करता करता मी विचारलं,
अंगठ्याच्या हालचालीवर मालकी सांगता येते का हो?
भूल चढलेल्या जबड्याने ते म्हणाले,
हालचाईवर नाही, पद्धईवर येते,
आणि ओठाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली.
अंगठ्याने.
डावीकडून उजवीकडे.

बाबा सांगलीला बँकेत कॅशियर होते.
नोटा मोजताना त्यांचा अंगठा असाच जायचा,
मध्येच ओल्या स्पंजला शिवून.
शंभरांची गड्डी अठरा सेकंदांत.
निरोपसमारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला.
अंगठा त्यांनी घरी आणला.
कुणी मागितला नाही.

शनिवारी कमर्शियल स्ट्रीटवरच्या दुकानात जाते.
दोन्ही फोन मांडलेत, पण पोकळ.
पडद्याच्या जागी चिकटवलेलं चित्र,
त्यात कायमचे दहा वाजून नऊ मिनिटं.
मी एक या हातात, एक त्या हातात घेऊन तोलते,
दुधी घ्यायचा की पडवळ तशी.
ऱ्होड्री नावाचा पोरगा आहे तिथे, त्याला विचारते, तू कुठला घेतला असतास?
तो खांदे उडवतो.
त्याच्या खिशात कुठला आहे
ते सांगायची परवानगी नाही म्हणे.

रविवारी आईचा फोन. घेतलास का गं?
अगं, कोर्टाची तारीख पडलीय, मी म्हणते.
पलीकडे एकदम शांत.
मग आवाज खाली आणून:
तुमच्या दोघांचं ठीक आहे ना?

काल बसच्या काचांवर वाफ धरली होती.
पुढच्या सीटवरच्या मुलीने हातमोजा दातांत धरला
आणि उघडा अंगठा काचेवरून सरकवला,
जरा कमानीत.
पलीकडे ओहोटीची नदी. नुसता चिखल,
आणि चिखलात रुतलेली सुपरमार्केटची ढकलगाडी.
ती बघत बसली. काच पुन्हा धुरकट झाली,
तिने पुन्हा उघडली.
आई म्हणाली, घाण होतील हात.

माझा थांबा यायला दोन मिनिटं होती.
फोन काढला. वळणापाशी
काचेचा बारीक कण बोटाला लागलाच.
नवऱ्याला लिहिलं:
येताना दूध, कोथिंबीर मिळाली तर,
आणि चिकटपट्टी आण. रुंद.