सामाईक भिंत

हॅलिफॅक्समधली चढावरची गल्ली.
घरं अशी चिकटलेली, की एकानं कूस बदलली
तर तिसऱ्याची झोप चाळवावी.
मी कौन्सिलची माणूस. गळ्यात ओळखपत्र,
काखेत घरं उबदार करण्याच्या योजनेचे अर्ज,
हातात उष्णता टिपणारा कॅमेरा.
जानेवारी, पहाटेचे सहा. उजाडायच्या आत उरकायचं,
ऊन पडलं की कॅमेरा फसतो.

सतरा नंबर. डोरीन सटक्लिफ, वय एक्याऐंशी.
बॉयलर गार.
"बिघडलाय का?"
"छे गं, बंद ठेवलाय. पेटायला त्याचं काय जातंय."
दोन स्वेटर, वर नवऱ्याचा कोट.
नवरा जाऊन नऊ वर्षं झाली,
कोट अजून नोकरीवर आहे.

तरी खोलीत चौदा अंश.
बाहेर उणे दोन. हिशेब जुळेना.
कॅमेरा फिरवला:
खिडकी जांभळी, दार जांभळं, छत काळंनिळं,
आणि पलंगाच्या उशाशी, वॉलपेपरच्या फुलांमागे
भिंत केशरी,
चुलीमागची असते तशी.

एकोणीस नंबर. तस्लीम, अर्शद, तीन मुलं.
अर्शद गाद्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला.
सगळे खालच्या एका खोलीत झोपतात.
वर शिवणयंत्र, एक सूटकेस,
आणि रेडिएटर पूर्ण उघडा.
"इथे कुणी नसतं?"
"नहीं."
"मग हा कशाला?"
तिनं हनुवटीनं भिंत दाखवली.
"उधर है ना कोई."

नियम असा, की घर हे एकक.
सतराला अनुदान मिळतं,
एकोणीसला नाही. त्यांची कमाई मर्यादेच्या वर जाते,
वर्षाला एकेचाळीस पौंडांनी.
ती रिकामी खोली तापवायला
महिन्यालाच त्याहून जास्त लागत असतील.
अर्जात त्याला रकाना आहे:
'सामाईक भिंतीतून होणारी गळती'.

गळती.
आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत,
निदान चार शेंगदाणे तरी टाकतात तळाशी.
त्याला गळती म्हणायचं
कुणाला सुचलं नव्हतं.

परत सतराला गेले. "तुम्हाला ठाऊक आहे?"
"मी काय बावळट वाटले तुला?
त्यांची धाकटी माझ्याकडे वाचायला शिकली.
आम्ही बोलत नाही त्यावर.
बोललं तर मला आभार मानावे लागतील,
आणि मग ती म्हणेल, कसले आभार,
आणि मग दोघींना लाज वाटत बसेल."
हात मात्र तिचा भिंतीवरच होता, सवयीनं,
गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

योजना म्हणते: सतराच्या चारी भिंतींना आतून जाड अस्तर.
म्हणजे अलीकडची ऊब अलीकडे, पलीकडची पलीकडे.
गळती शून्य.
कार्बन वाचेल, तेही खोटं नाही,
आणि म्हातारीला यंदा बॉयलर लावणं परवडेल.
मला हे सगळं पटतं. म्हणून तर ही नोकरी.
फक्त त्या एका भिंतीपाशी
माझं पेन अडलं.

शेवटी लिहिलं: घर क्रमांक १७-१९.
एकक: एक.
ऑफिसात पिकल्स साहेब चश्म्यावरून बघतील,
लाल शाईनं परत पाठवतील.
मी पुन्हा पाठवीन.
असं किती वेळा चालेल, माहीत नाही.

एकवीसची बेल वाजवली. आत कुत्रं भुंकलं,
कुणी उठेना.
टेकडीमागून ऊन गल्लीत उतरलं होतं,
आणि कॅमेऱ्यात
सगळीच घरं उबदार दिसायला लागली होती.